१८१ पासून तालुका कोर्टापर्यंत: सात महिन्यांचा हिशेब

माझी मावसबहीण, आमची ताई, नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली त्याला सात महिने झाले. कोर्टाचा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश हातात आला आहे, खर्चाचे दोन हप्ते जमा झाले आहेत, मुलगी शाळेत जाते आहे. या काळात कुठे कुठे जावं लागलं, कुठे किती वेळ गेला, कुठला कागद उपयोगी पडला आणि कुठला नसल्यामुळे अडलं, ते तिला विचारून लिहिते आहे. त्या घरात काय घडलं ते इथे नाही, ते तिचं आहे. केस चालू असल्यामुळे नाव, गाव आणि नेमक्या तारखाही गाळल्या आहेत. सासर पुण्याच्या बाजूला आणि माहेर सातारा जिल्ह्यात, एवढं पुरे.

सुरुवात घर सोडण्याच्या तीन आठवडे आधी झाली, मे महिन्यात. ताईने शेजारणीच्या फोनवरून १८१ ला फोन केला. हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी आधी तीनच गोष्टी विचारल्या: आत्ता जिवाला धोका आहे का, मुलं सोबत आहेत का, बोलायला जागा सुरक्षित आहे का. मग जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता आणि फोन दिला, आणि निघायच्या आधी कागद बाहेर काढून ठेवायला सांगितलं. फोन जेमतेम दहा मिनिटांचा होता, पण ‘घरातलं भांडण’ या शब्दाऐवजी ‘हिंसाचार’ हा शब्द तिने त्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला.

कागद तिने एकदम हलवले नाहीत. रोज एकदोन कागदांचे फोटो काढून शेजारणीच्या फोनवर पाठवले आणि आपल्या फोनमधून पुसले. आधार कार्डं, लग्नाचं प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला, रेशन कार्ड, बँकेची पासबुकं, दागिन्यांच्या पावत्या, नवऱ्याची एक जुनी पगारपत्रक स्लिप. ही स्लिप पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडली. पावत्या नसतील तर लग्नातले दागिने घातलेले फोटोही चालतात. पोस्टात स्वतःच्या नावाचं खातं तिने उघडून ठेवलं, पासबुक शेजारणीकडेच राहिलं.

फोनकडे फार काळजीने बघावं लागतं. नवऱ्याने तिच्या फोनमध्ये स्वतःचं गुगल खातं घातलेलं होतं, म्हणजे ती कुठे जाते आणि काय शोधते ते त्याला दिसत होतं. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडल्यावर एक अनोळखी संगणक दिसला. तो घाईने काढून टाकला असता तर त्याला लगेच संशय आला असता. म्हणून निघेपर्यंत तो फोन जसाच्या तसा ठेवला आणि सगळं बोलणं शेजारणीच्या फोनवरून केलं. शेजारणीला भीती होती की आपण यात पडलो तर आपल्यावर केस होईल. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचं चौथं कलम यासाठीच आहे: हिंसाचाराची माहिती चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली बायकांच्या मदतीसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, रविवारी रात्री, ठरवलेलं सगळं बाजूला पडलं आणि तिला पोलिसांच्या मदतीसाठी ११२ ला फोन करावा लागला. गाडी आली, दोघांनाही पोलीस ठाण्यात नेलं. तिथे दोन तास ‘सकाळी शांत डोक्याने बघू’ असं चाललं आणि शेवटी एनसी लिहून घेतली. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत, आणि पुष्कळ बायकांना वाटतं की आपली ‘केस झाली’. गुन्हा दाखल होणं म्हणजे एफआयआर, ती वेगळी. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या छळासाठी पूर्वी ४९८-अ हे कलम होतं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. तरीही एनसी वाया जात नाही. त्या रात्रीची तारीख, वेळ आणि ठिकाण सरकारी वहीत चढलं. मात्र तिची प्रत मागून घ्यावी लागते, आपणहून हातात पडत नाही. सही करण्याआधी मजकूर वाचून घ्या. ताईच्या नोंदीत आधी ‘किरकोळ वाद’ असं लिहिलं होतं. तिने ते बदलून ‘डोक्यावर आणि डाव्या हातावर मारहाण’ असं लिहायला लावलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली कुठे दाद मागता येते, संरक्षण अधिकारी कोण, मोफत वकील मिळतो का, हे पोलिसांनी स्वतःहून सांगायचं असतं, तसं पाचवं कलम आहे. त्या रात्री कोणी सांगितलं नाही.

ठाण्यातून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीचं पत्र, घेऊन ती सरकारी दवाखान्यात गेली. यादी नसती तरी चाललं असतं. आधी पोलिसांकडे तक्रार करा, मग तपासू, असं दवाखाना म्हणू शकत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या नियमांप्रमाणे घरगुती घटना अहवाल (छळाचे प्रसंग लिहायचा ठरावीक फॉर्म) झालेला नसेल तर तोसुद्धा दवाखान्यातच भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. डॉक्टरांनी विचारलं, “पडलात का?” इथे पुष्कळ जणी हो म्हणून मोकळ्या होतात, आणि पाच महिन्यांनी समोरचा वकील तोच केस पेपर कोर्टात वाचून दाखवतो. काय झालं, कशाने मारलं, कोणी मारलं आणि केव्हा, ही चार उत्तरं सांगा आणि ती केस पेपरवर उतरली आहेत ना ते बघा. एमएलसी क्रमांक, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून दवाखान्यात झालेल्या नोंदीचा नंबर, लिहून घ्या. जुने, पिवळे पडलेले वणही दाखवा, कारण मारहाण एका रात्रीची नव्हती हे त्यांवरून कळतं. केस पेपरला पैसे लागले नाहीत. नवरा व्हरांड्यात थांबला होता, म्हणून नर्सबाईंनी तिला आतल्या खोलीत बसवलं. तुम्हीही तसं सांगू शकता: “मला एकटीला बोलायचं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सखी केंद्र. देशभरात ही केंद्रं २०१५ पासून सुरू झाली. एकाच छताखाली समुपदेशक, वकिलाचा सल्ला, दवाखान्याची आणि पोलिसांची मदत, शिवाय राहायची सोय, अशी ही व्यवस्था आहे. पण मुक्काम जास्तीत जास्त पाच दिवसांचा. हे माहीत नसलं की सहाव्या दिवशी रस्त्यावर आल्यासारखं होतं, म्हणून पहिल्याच दिवशी पुढचं विचारावं. माहेर नसेल किंवा माहेरचे घ्यायला तयार नसतील तर तिथूनच शक्ती सदनमध्ये पाठवतात. पूर्वी याला स्वाधार गृह म्हणत, तिथे जास्त काळ राहता येतं. सोबत मोठा मुलगा असेल तर जाण्याआधी फोनवर वयाची अट विचारून घ्या, मुलग्यांसाठी मर्यादा असते. ताईची मुलगी सात वर्षांची, तिला अडचण आली नाही. पलंग, जेवण, कपडे मिळाले. पहिले दोन दिवस ताई फक्त झोपली. समुपदेशकबाईंनी घाई केली नाही, तिसऱ्या दिवशी सगळं लिहून घेतलं. पाचव्या दिवशी मावशी-काका येऊन तिला घेऊन गेले. निघताना केंद्राच्या नोंदीची प्रत आणि केस क्रमांक मागून घेतला.

माहेरी आल्यावर जो भेटेल तो एकच सांगे: मारलं पुण्याकडे, तर केस तिकडेच होणार. हे खरं नाही. सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे बाई जिथे राहते, अगदी तात्पुरती राहत असली तरी, किंवा जिथे नोकरी करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यामुळे ताईची केस माहेरच्या तालुक्यात झाली. पुण्याला खेटे घालावे लागले असते तर तिसऱ्या तारखेलाच तिने सोडून दिलं असतं.

तालुक्याचे संरक्षण अधिकारी पहिल्या दिवशी मीटिंगला होते, दुसऱ्या खेपेला जिल्ह्याच्या ठिकाणी. एकाच माणसाकडे किती काम असतं ते कार्यालयातल्या फायली बघून कळतं. तिसऱ्यांदा फोन करून, वेळ ठरवून गेलो. घरगुती घटना अहवाल, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, तो तिथे भरला. अडीच तास लागले. हा फॉर्म केसचा पाया असतो, आणि नेमका इथेच घोळ होतो. ‘नेहमी मारतो’, ‘खूप त्रास देतो’ असं लिहिलं की पुढे त्यातून काही सिद्ध करता येत नाही. ताईला तारखा आठवत नव्हत्या. मग आम्ही सणांवरून मागे गेलो: गौरी जेवायच्या दिवशी, मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाच्या आठवड्यात, सासऱ्यांच्या ऑपरेशननंतर. असे अकरा प्रसंग निघाले. घरी बसून आधी वहीत लिहून नेलं असतं तर तास वाचला असता. मारहाणीखेरीजच्या गोष्टीही फॉर्मवर आल्या पाहिजेत. शिवणकामाचे पैसे काढून घेणं, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवणं, किराण्याला पैसे न देणं हा आर्थिक छळ आहे. रोजच्या शिव्या, माहेरी फोन करू न देणं, मुलगी झाली म्हणून टोमणे, जबरदस्तीचा शरीरसंबंध, हे सगळं तिसऱ्या कलमात येतं. शेवटच्या गोष्टीबद्दल ताई काकांसमोर बोलली नसती. अधिकारी मॅडमनी आम्हाला बाहेर बसवलं ते बरं केलं.

स्त्रीधनाची यादी वेगळ्या कागदावर करा: वस्तू, अंदाजे वजन, कोणी दिली, आत्ता कुठे आहे. भांडी, शिलाई मशीन, कपाट हेही त्यात येतं.

कुठे संरक्षण अधिकारी भेटतच नसतील तर तेवढ्यासाठी थांबू नका. अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी अर्जावर आदेश देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

वकील कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीतून मिळाला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न त्यात बघत नाहीत. तरीही खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागितला गेला. ‘मी महिला म्हणून अर्ज करते आहे’ असं ताईने अर्जावर लिहिल्यावर तो प्रश्न मिटला. नऊ दिवसांनी वकील नेमल्याचं पत्र आलं. फी द्यायची नसते, कोर्ट फीही लागली नाही. कोणी टायपिंगचे, नोटीसचे म्हणून पैसे मागितले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवता येतं. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा फोन आहे.

वकिलांशी पहिल्या भेटीत अर्जातल्या मागण्या एकेक करून बोलून घ्या. जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही. ताईने मागितलं ते असं: त्याने घरी, शाळेत किंवा कामाच्या जागी येऊ नये आणि फोन करू नये (कलम १८), राहायला घर किंवा भाडं, आणि स्त्रीधन परत (१९), महिन्याचा खर्च आणि दवाखान्याचे पैसे (२०), मुलीचा ताबा (२१), नुकसानभरपाई (२२). आणि निकालाची वाट न बघता हे सगळं तात्पुरतं लगेच मिळावं म्हणून तेविसाव्या कलमाखालचा अंतरिम अर्ज. तो सोबत नसेल तर वर्ष वर्ष हातात काही येत नाही. ‘घर सासूच्या नावावर आहे, मला काय हक्क’ म्हणून राहण्याची मागणी सोडून देणाऱ्या बायका मी आवारातच पाहिल्या. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर, म्हणजे बाईला राहायचा हक्क असलेलं सासरचं घर, ठरू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. तो वकिलांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

त्याच वर्षीच्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही बाजूंना मिळकत आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ताईचं भरायला एक संध्याकाळ लागली: मुलीच्या शाळेचा, दुधाचा, औषधाचा, एसटीचा खर्च. नवऱ्याने आपला पगार निम्मा दाखवला. तेव्हा ती जुनी स्लिप बाहेर काढली.

अर्ज जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दाखल झाला. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत, असं लिहिलं आहे. आम्हाला पहिली तारीख अकराव्या दिवशी मिळाली, नोटीस ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत आली आणि ऑगस्ट तसाच गेला. दुसरी नोटीस त्याच्या कंपनीच्या पत्त्यावर काढली, ती चार दिवसांत बजावली गेली. नोकरीचा पत्ता पहिल्याच अर्जात द्या, आमचा एक महिना त्याच्यावाचून गेला. सप्टेंबरमध्ये तो आला, म्हणणं, म्हणजे अर्जाला लेखी उत्तर, द्यायला मुदत मागितली. ऑक्टोबरमध्ये म्हणणं दिलं, त्यात ताई ‘स्वतःहून घर सोडून गेली’ असं होतं. मग दिवाळीची सुट्टी. नोव्हेंबरच्या मध्यावर युक्तिवाद झाला. तारखेच्या दिवशी सकाळी साडेदहाला पोहोचायचं आणि पुकारा दुपारी तीनला होतो, हे धरून डबा, पाणी आणि शिवायला काहीतरी सोबत न्यायची सवय ताईने लावून घेतली. तो आवारात दिसला की तिचे हात थरथरत. वकिलांना सांगितल्यावर पुकारा होईपर्यंत तिला विधी सेवा समितीच्या खोलीत बसू दिलं. पहिल्याच तारखेला विचारायला हवं होतं.

मधल्या काळात आणखी दोन गोष्टी चालू होत्या. एक, मुलीची शाळा. आधीच्या शाळेने दाखल्यासाठी वडिलांची सही मागितली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांनी दाखल्याशिवाय तिला दुसरीत बसवून घेतलं. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं आहे, ते त्यांना ठाऊक होतं. तुमच्या इथे ठाऊक नसेल तर कलमाची प्रत घेऊन जा.

दुसरी गोष्ट म्हणजे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. पोलिसांच्या आवारात बसणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांची ही व्यवस्था टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केली, आता ती जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. (मुंबईकर बायकांसाठी दवाखान्यातलं ‘दिलासा’ केंद्रही आहे. ते वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं, नंतर इतर रुग्णालयांतही गेलं.) कक्षातल्या कार्यकर्त्यांनी पोलिसांशी बोलायचं, घरून सामान आणायचं, असं अंगावरचं काम हलकं केलं. आणखी एके ठिकाणी मात्र पहिल्याच भेटीत ‘एकदा नांदून बघा’ असं ऐकायला मिळालं. त्यावर सांगायचं एवढंच: समोरासमोर बैठकीला ‘नाही’ म्हणता येतं. समुपदेशन एकटीचंही होऊ शकतं. आणि कुठल्याही तडजोडीच्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका, आधी वकिलांना दाखवा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंतरिम आदेश झाला. ताईला महिना ६,००० आणि मुलीला ४,०००, अर्जाच्या तारखेपासून, मुलीचा ताबा ताईकडे, त्याला माहेरच्या घरी आणि शाळेजवळ येण्यास मनाई, स्त्रीधन परत. आदेशाची प्रत कोर्टाने मोफत द्यायची असते, एक पोलीस ठाण्याला जाते. ती पोहोचली का ते स्वतः जाऊन बघा आणि आवक क्रमांक लिहून घ्या.

सामान आणायला संरक्षण अधिकारी, एक महिला पोलीस आणि टेम्पो. यादीप्रमाणे पंचनामा झाला. यादीतल्या सात वस्तू ‘घरात नाहीत’ निघाल्या, तसं लिहून घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. शिलाई मशीन आलं.

डिसेंबरचे पैसे आले नाहीत. आदेश हातात आला म्हणजे पैसे आले असं धरू नये. वकिलांनी लगेच वसुलीचा अर्ज केला आणि विसाव्या कलमातल्या तरतुदीप्रमाणे पगारातून थेट कापून द्यावेत अशी मागणी घातली. कंपनीला पत्र जाणार हे कळल्यावर जानेवारीत दोन हप्ते एकदम जमा झाले. जुलैपासूनची थकबाकी अजून बाकी आहे.

आतापर्यंतचा खर्च: झेरॉक्स ६४० रुपये, फोटो १००, टेम्पो ३,५००, एसटीचे सुमारे २,१००, तेही बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे. एकूण ६,३४०. काकांचे बुडालेले रोज यात धरलेले नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवरा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. ताई आदेश घेऊन ठाण्यात गेली. तिथे आधी ‘हे कोर्टाचं आहे, कोर्टात जा’ असं सांगितलं. संरक्षण आदेश मोडणं हा एकतिसाव्या कलमाखाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे. विशेष कक्षातून फोन आल्यावर तीन तासांनी तक्रार नोंदवली गेली, आणि या वेळी ती एनसी नव्हती. त्याच दिवशी आदेशाची एक प्रत मुख्याध्यापकांना दिली आणि मुलीला फाटकाबाहेर कोणाकडे सोडायचं त्या तीन जणांची नावं शाळेच्या वहीत लिहून आलो. एक प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात ताईच्या पर्समध्ये असते. पुढची तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, तिच्या पुराव्याची.